महाधमनी आणि स्कूटरची किल्ली

३ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टर म्हणाल्या, रोज काय दुखतं ते लिहून ठेवा. रोज दुखणं लिहिण्याइतका रिकामा वेळ माझ्याकडे नाही. जे घडेल ते लिहीन. दुखलं तर तेही.

गेल्या गुरुवारी कुरुळीला वर्ग घ्यायला जाताना मोशीच्या पुढे डाव्या डोळ्यावर वरून खाली पडदा उतरला. दुकानाचं शटर उतरतं तसा. स्कूटर कडेला घेतली, उभ्या ट्रकच्या सावलीत थांबले. काही मिनिटांत पडदा वर गेला. पुढे जाऊन वर्ग घेतला. घरी सांगितलं नाही.

काल परत तसंच झालं, आणि या वेळी यशवंतराव समोर होते. नवऱ्यापासून खोकला लपवता येतो, आंधळेपण नाही. त्यांनी खोदून विचारल्यावर बाकीचंही बाहेर आलं: भाकरी चावताना जबडा दमतो, केस विंचरताना कानशील दुखतं, दोरीवर कपडे टाकताना हात भरून येतात. वय सदुसष्ट, असं होणारच, असं मी ठरवून टाकलं होतं.

आज डॉ. विजयश्रींकडे. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील, पण हात पक्का आहे. कानशिलावर गार जेली लावून सोनोग्राफी केली. पडद्यावर एक बारीक रक्तवाहिनी आणि तिच्याभोवती काळी कडी. ती कडी म्हणजे सुजलेली भिंत. शरीराची स्वतःचीच फौज मोठ्या रक्तवाहिन्यांवर चालून जाते, भिंत सुजते, आतली वाट अरुंद होते. डोळ्याकडची वाट बंद झाली तर तो डोळा परत येत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या आजपासूनच, भरपूर.

"आणि काकू, दुखणं शांत झाल्याचं सिद्ध होईपर्यंत स्कूटर बंद."

"मला काकू म्हणू नका, मी पेशंट आहे. आणि सिद्ध कोण करणार?"

"चित्र," त्या म्हणाल्या. "तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. पडदा उतरल्यावर वर्ग घेणारी बाई आहात तुम्ही."

घरी आल्यावर यशवंतरावांनी स्कूटरची किल्ली खिशातून काढून थेट आपल्या आईच्या हातात दिली. आत्याबाईंनी ती कमरेच्या चंचीत टाकली आणि नाडी ओढली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूच्या कमरेला हात घालायची माझी छाती नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

६ सप्टेंबर

काल पेट स्कॅन झाला. गोळ्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत चित्र फिकं पडायला लागतं, म्हणून ही घाई.

आधी सहा तास उपाशी. मग शिरेतून किंचित किरणोत्सारी साखर सोडतात. जिथे दाह असतो तिथल्या पेशी साखर अधाशासारख्या खातात आणि चित्रात उजळून दिसतात. सुई टोचल्यावर तासभर उबदार खोलीत गप्प पडून राहायचं. बोलायचं नाही, चघळायचं नाही, कारण जो स्नायू हलेल तोही साखर खाईल.

हे नर्सला म्हणाले, "तासभर गप्प? ताई, आधी तुमचं मशीन तपासून घ्या. आमच्याकडे हा प्रयोग अजून यशस्वी झालेला नाही."

नर्स हसली. मी हसले नाही. स्नायू.

आज चित्र पाहिलं. छातीतली महाधमनी, तिची कमान आणि तिथून दोन्ही हातांकडे फुटणाऱ्या फांद्या, सगळं भट्टीतून नुकत्याच काढलेल्या सळईसारखं. हे माझ्याच छातीतलं आहे का, असं दोनदा विचारलं. पण पुढचं ऐकून बरं वाटलं. नुसतं "उजळ" म्हणून भागत नाही, कशाच्या मानाने उजळ ते ठरवावं लागतं. म्हणून त्याच चित्रातल्या त्याच माणसाच्या यकृताशी तुलना करतात. भिंत यकृताहून उजळ असेल तर दाह जोरात, यकृताहून फिकी असेल तर शांत.

मी पिंपरीला इंजिनच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टँडर्ड रूममध्ये काढली. तिथे मोजायची उपकरणंच तपासायची असतात, आणि त्यासाठी, ज्याच्याशी बाकी सगळं ताडून बघायचं असं, एक मास्टर गेज कपाटात जपून ठेवलेलं असतं. प्रत्येक माणूस आपलं मास्टर गेज पोटात घेऊन फिरतो, हे मला फिजिक्सच्या पदवीला कोणी शिकवलं नव्हतं. घरी येईपर्यंत यांना तीनदा समजावून सांगितलं.

"म्हंजे यकृतापेक्षा तू गरम आहेस," हे म्हणाले. "ते मला लग्नापासून ठाऊक आहे."

१५ सप्टेंबर

कानशील दुखायचं दुसऱ्याच दिवशी थांबलं. जबडाही. तब्येत इतकी उत्तम गेल्या दहा वर्षांत नव्हती. गणपतीत एकटीने अख्ख्या इमारतीचे उकडीचे मोदक केले. माळा आवरला. पडदे धुतले. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे नवे नियम लिहून काढून लिफ्टमध्ये लावले, सतरा कलमं झाली. पहाटे चारला उठून किती कामं होतात हे लोकांना कळत नाही.

डॉक्टर म्हणाल्या, हा उत्साह गोळ्यांचा आहे, झोपेकडे लक्ष द्या. तरुण मुलगी आहे, तिला काय माहीत. उत्साह माझा स्वतःचा आहे. गोळ्यांनी फक्त अडथळा काढला.

आत्याबाई आज यांना म्हणाल्या, "यशवंता, त्या डागदरीनबाईला इचार, म्या बी दोन गोळ्या खाऊ का? आपुनबी माळा आवरू."

१० ऑक्टोबर

गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत. शिवाय आठवड्याला एक इंजेक्शन, पोटावर, माझं मीच घेते. हे त्या वेळी गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालतात. तुळस कुजायला आली आहे.

रक्ताचे रिपोर्ट आले. दाह मोजणारा आकडा जवळपास शून्य. मी किल्ली मागितली.

डॉ. विजयश्री म्हणाल्या, "हा आकडा आता धरायचा नाही, काकू. हे इंजेक्शन त्या आकड्याचाच गळा धरतं. आत दुखणं धुमसत असलं तरी आकडा शून्यच येईल."

हे मला लगेच पटलं, त्यामुळे रागही आला. अडकलेला काटा शून्य दाखवतो म्हणून वजन शून्य आहे असं मी कधी सही करून दिलेलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पेट स्कॅन, तोवर मधून मधून सोनोग्राफी. म्हणजे मार्चपर्यंत मी मागच्या सीटवर.

२१ नोव्हेंबर

आठवड्यातून दोनदा हे मला माझ्याच स्कूटरवर कुरुळीला नेतात. यांच्या वडिलांच्या जमिनीवर आता कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत मी बायकांना मोजमाप शिकवते: व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज. नवरे चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला जातात, या घरी बसतात. एका कंपनीने जानेवारीत तपासणी विभागात बायकांची भरती करायचं ठरवलं आहे. परीक्षा आहे.

हे चालवतात कसं, तर लग्नाची वरात निघाल्यासारखं. बैलगाडीसुद्धा पुढे जाईल. त्यात सारखं विचारतात.

"जया, तो बोर्ड काय म्हणतोय गं?"

"साई टायर्स."

"आणि त्याच्याखाली? बारीक?"

"पंक्चर काढून मिळेल. अहो, तुम्हाला दिसत नाही का?"

"उन्हामुळं. आणि तो पलीकडचा, डाव्या बाजूचा?"

चिंचवडपासून कुरुळीपर्यंत सगळे बोर्ड मी वाचून दाखवते. कधी म्हणतात, "आता एक डोळा झाकून वाच बघू, गंमत." या वयात कसली गंमत. यांचे डोळे अधू होत आहेत आणि कबूल करायला लाज वाटते, दुसरं काय.

६ डिसेंबर

यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. डॉक्टर म्हणाला, नजर उत्तम आहे, नंबरही बदललेला नाही. आजकाल कोणीही दुकान थाटतं. यांना म्हटलं, आपण दुसऱ्याला दाखवू. हे म्हणाले, "राहू दे. माझी एक बघणारी आहे तेवढी पुरे."

डॉ. विजयश्रींकडे सोनोग्राफी झाली. कानशिलाभोवतीची काळी कडी गेली. काखेतल्या रक्तवाहिनीची भिंत मात्र अजून थोडी जाड. त्यांनी एकदा मोजून आकडा लिहायला घेतला.

"तीन वेळा मोजा," मी म्हटलं.

"काकू, बाहेर पेशंट आहेत."

"त्यांचंही तीन वेळा मोजा."

मोजलं. तीनही आकडे जवळ जवळ आले. हात पक्का आहे म्हटलं होतं ते उगाच नाही. त्या म्हणाल्या, भिंतीची ही जाडी दाह गेल्यावरही बराच काळ राहू शकते, घाबरू नका. आणि महाधमनी सोनोग्राफीत नीट दिसत नाही, मध्ये हाडं आणि फुप्फुसातली हवा येते. तिच्यासाठी पेटच. म्हणजे सगळं त्या एका चित्रावर आहे.

२० जानेवारी

आमच्या सहाही बायका परीक्षेत पास. उत्कर्षा पहिली आली. ती लातूरकडची, तोंडाला खंड नाही, पण मायक्रोमीटर हातात घेतला की श्वाससुद्धा जपून घेते. सगळ्या पेढे घेऊन खोलीवर आल्या.

उत्कर्षा म्हणाली, "मॅडम, तुमी आता कामून ओरडत न्हाईत? सप्टेंबरात तर आमच्या उरात धडकी भरायची. एकदा मी वर्नियर उलटा धरला म्हणून तुमी माझ्या नवऱ्याला फोन लावला होता."

मी म्हटलं, तुम्ही सुधारलात म्हणून. हे खरंच आहे. हल्ली सगळेच लोक समजूतदार झाले आहेत, सोसायटीतलेसुद्धा. गोळी आता अगदी थोडी उरली आहे.

यांनीही सगळ्यांबरोबर मागच्या बाकावर बसून माझा सराव परीक्षेचा पेपर सोडवला होता. शंभरात अडतीस. वर माझ्याकडे ग्रेस मार्क मागतात.

११ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते माझ्या हातून झालं यावर माझाच विश्वास बसत नाही.

स्कॅनचा दिवस. काल रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही नाही. काल दिवसभर जिना नाही, झाडू नाही. यांना आणि मोलकरणीला कडक सूचना. सकाळी चपला घातल्या, उंबऱ्याशी आले. आत्याबाई वाटी घेऊन उभ्या होत्या. मी हात पुढे केला, त्यांनी तळहातावर दही-साखर ठेवली, मी खाल्ली, पाया पडले आणि निघाले.

लिफ्टमध्ये साखर दाताखाली कचकन लागली तेव्हा कळलं.

लग्न झाल्यापासून प्रत्येक महत्त्वाच्या कामाला निघताना त्यांनी माझ्या हातावर दही-साखर ठेवली आहे. कंपनीच्या मुलाखतीला, बाळंतपणाला निघताना, निवृत्तीच्या दिवशीही. हात आपोआप जातो.

तरी केंद्रावर गेले. सांगितलं नसतं तर कदाचित कळलंही नसतं, हे कबूल करते. पण चुकीच्या तयारीवर घेतलेलं माप घेऊन मी काय करणार होते? नर्सने विचारलं, काही खाल्लंय का. मी म्हटलं, हो, दही-साखर. बोटातून रक्त घेतलं, साखर हवी त्यापेक्षा बरीच वर. परत पाठवलं. नवी तारीख २ एप्रिल.

रिक्षात हे बाहेर तोंड करून बसले. नंतर खांदे हलताना दिसले. मला वाटलं वाईट वाटतंय. तोंडावर रुमाल धरून हसत होते.

घरी येऊन आत्याबाईंना विचारलं, "उपाशी जायचं होतं हे तुम्हाला सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं व्हतं. म्हनून च्या न्हाई दिला, पोहं न्हाई दिलं."

"मग दही-साखर?"

"दही-साखर काय खानं हाय व्हय? ते शकुनाचं. आन् हात कुनी फुडं केला? तू. आता हात आलाच फुडं तर त्याच्यावं काय किल्ली ठिवू?"

हा डाव आत्याबाईंनी जिंकला. अशी वेळ घरात फार कमी येते, आणि दोघं मायलेकरं त्याचा आनंद जेवताना पुरेपूर घेत होते.

३१ मार्च

काल पाडवा झाला. आज सकाळी उठले तर जबडा दमलेला. गोळी आता नावापुरती आहे, म्हणजे दाह परत आला का. आधी उजवा डोळा झाकला, मग डावा. भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं. तरी परत एकदा वाचलं. आंधळं होण्याची मला भीती वाटते. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं, बोलले तर अजिबातच नाही.

हे समोर येऊन बसले. कसं कळलं माहीत नाही. म्हणाले, "दुखतंय का दमलाय?"

"दमलाय."

"काल संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर तू किती वेळ बोललीस?"

"मुद्दे होते."

"सेक्रेटरी मध्येच उठून घरी जाऊन जेवून आला, जया. तू तेव्हाही बोलतच होतीस. दुसऱ्या कोणाचा जबडा निखळला असता."

हसू आलं. हसताना जबडा अजिबात दुखला नाही. तरी डॉक्टरांना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, कळवलंत हे पहिल्यांदाच शहाण्यासारखं केलंत, परवा चित्रात बघूच. दुपारपर्यंत जबडा ठीक.

२ एप्रिल

स्कॅन झाला. निघताना आत्याबाई स्वयंपाकघराचं दार आतून लावून बसल्या होत्या. बाहेर आल्याच नाहीत. आतून ओरडल्या, "हात खिशात घालून जा." साडीला खिसा नसतो.

गप्प खोलीत पडून राहिले. काही विचार करायचा नाही असं ठरवून सगळे विचार केले.

४ एप्रिल

दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली होती. डावीकडे सप्टेंबर: लाल सळई. उजवीकडे परवाचं: महाधमनी आजूबाजूच्या करड्या रंगात जवळपास मिसळून गेलेली. फांद्याही. फक्त कमानीपाशी एक फिकट रेघ, यकृतापेक्षा कितीतरी फिकी.

"शांत आहे," डॉ. विजयश्री म्हणाल्या.

यशवंतराव उठले आणि पाणी प्यायला बाहेर गेले. पाण्याची बाटली टेबलावरच होती.

मी त्या रेघेवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"ही भिंतीची डागडुजीही असू शकते, वयाचाही भाग असतो. आम्ही नुसत्या चित्रावर ठरवत नाही. तुमचं डोकं दुखत नाही, डोळे स्वच्छ आहेत, दोन्ही हातांचा रक्तदाब सारखा येतोय, जबड्याचं कारण सेक्रेटरींना माहीत आहे."

"पण शून्य नाही."

"काकू, चौतीस वर्षांत शून्य फरकाचा एक तरी पार्ट पास केलात?"

"नाही. शून्य कधीच येत नसतं. मर्यादा आखलेली असते, तिच्या आत बसला की पास."

बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी काय बोलले. त्यांनी हसत रिपोर्टवर सही केली. हुशार मुलगी आहे. काकू म्हणते, म्हणू दे.

इंजेक्शन चालू राहील, गोळी मेअखेर बंद. काही दुखलं, डोळ्यांवर काही आलं तर त्याच क्षणी फोन, वर्ग नंतर. असं माझ्याकडून वदवून घेतलं. आणि स्कूटरला परवानगी.

घरी आत्याबाईंनी चंची सोडली. किल्ली काढून पदराने पुसली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खाऊ नको."

७ एप्रिल, सोमवार

सकाळी लवकर तयार झाले. आज कुरुळीला नवी तुकडी, अकरा बायका. यांना म्हटलं, आता तुमची काही गरज नाही, घरी आराम करा.

"येतो की. नव्यांना पहिल्या दिवशी अडतीस मार्कांवाला दाखवायला लागतो, म्हणजे त्यांना धीर येतो."

मागे बसवून घेतलं. स्कूटर पहिल्या बटणाला सुरू झाली. वारा लागला, हात मुठीवर जागच्या जागी बसले. मोशीपर्यंत मी बोलत होते, खड्ड्यांविषयी, सिग्नलविषयी. हे हूं हूं करत होते. नंतर हूंही येईना. मग पाठीवर काहीतरी जड टेकलं. आरशात पाहते तो हे माझ्या खांद्याला डोकं लावून गाढ झोपलेले. चाकणच्या रस्त्यावर, भर ट्रकांमध्ये.

चालत्या स्कूटरवर झोपणं अत्यंत धोक्याचं आहे, हे आज संध्याकाळी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगणार आहे. एवढी कसली झोप साठली होती कोण जाणे.

तेव्हा उठवलं मात्र नाही. एक हात मागे नेऊन त्यांचा हात माझ्या कमरेशी धरून ठेवला आणि डाव्या कडेने हळू हळू चालवत राहिले. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. वाजवू दे म्हटलं.